रुग्णाच्या उशाची उपकरणे

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



यंदाच्या व्याख्यानाला विषय कोणता घ्यावा याचा खल चालला असता चिटणीसताई मला म्हणाल्या, "तुम्ही सारा जन्म रुग्णालयात काढलात. आता घरोघरी रक्तदाबाची यंत्रे आली, साखरेची आली. वापरतो आम्ही सगळ्याजणी, पण बरोबर वापरतो की नाही, देव जाणे. त्यावरच बोला." विषय मला पसंत पडला. मी नोकरीला लागले तेव्हा ज्या वस्तू वॉर्डातल्या कपाटात कुलपाखाली असत, त्यातल्या निम्म्या आज आपल्या फडताळात लोणच्याच्या बरणीशेजारी बसल्या आहेत. वस्तू घरी आली, पण ती वापरण्याची जी शिस्त वॉर्डात होती ती काही तिच्याबरोबर घरी आली नाही. दुकानदार यंत्र देतो आणि एक बारीक अक्षरांचा कागद देतो. तो कागद आपण डब्यात घालून ठेवतो आणि डबा माळ्यावर टाकतो.

मी डॉक्टर नव्हे, परिचारिका आहे. तेव्हा कोणत्या दुखण्याला कोणते औषध घ्यावे हे मी सांगणार नाही, आणि कार्यक्रम संपल्यावर कोणी विचारू नये. उपकरण हाती कसे धरावे, त्याचे किती ऐकावे आणि कोठे ऐकू नये, एवढेच बोलणार आहे.

उपकरण म्हटले की प्रथम डोळ्यांपुढे येते ती डॉक्टरांच्या गळ्यातली नळी, स्टेथोस्कोप. तिची जन्मकथा बायकांच्या सभेत सांगण्याजोगी आहे. पूर्वी छातीतले ठोके ऐकावयाचे तर वैद्य रोग्याच्या छातीला सरळ आपला कान लावीत. १८१६ साली पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात लाएनेक नावाच्या डॉक्टरांपुढे हृदयविकाराची एक तरुण स्त्री आली. परक्या बाईच्या छातीला कान कसा लावावा, असा त्यांना संकोच पडला. त्यांनी कागदाची घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर टेकले, दुसरे आपल्या कानाला लावले. आणि नुसत्या कानाने ऐकू येत त्याहून ठोके स्पष्ट ऐकू आले. पुढे कागदाची सुरळी जाऊन लाकडी नळी आली, मग रबरी आली. सारांश, डॉक्टरकीची ही जगभरची खूण एका बाईच्या आणि डॉक्टरच्या संकोचातून जन्माला आली.

आपल्याकडे मात्र तो संकोच नळीने सुटला नाही. बाई पडद्याआड, वैद्य ओसरीवर आणि दुखणे सांगणार घरातले पुरुष, अशी रीत कितीतरी घरांत होती. नळी ऐकण्यापुरती, पण नळी धरणारा हात बाईचा असल्याखेरीज बाई आपले दुखणे मोकळेपणी सांगणार नाही, हे ज्यांनी ओळखले त्या आनंदीबाई जोशी या आपल्या शेजारच्या कल्याणच्या. जन्म १८६५ सालचा. कोवळ्या वयात झालेले मूल दहा दिवसांत गेले, त्या दुःखाने त्यांचे पाऊल डॉक्टरकीच्या वाटेवर पडले. १८८३ साली त्या अमेरिकेला गेल्या, १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यास वारल्या. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. माझ्या नोकरीत बाई डॉक्टरांच्या दाराशी रांग लागलेली आणि शेजारचे दार मोकळे, असे दृश्य मी पुष्कळदा पाहिले आहे. त्या रांगेकडे पाहून आनंदीबाईंची आठवण हटकून येई.

याच नळीची एक धाकटी बहीण आहे, बाळंतिणीच्या खोलीतली. लहानशा तुतारीसारखी दिसते. पिनार या फ्रेंच डॉक्टरांनी ती १८९५ साली केली. रुंद तोंड पोटावर टेकावयाचे, दुसऱ्या तोंडाला कान लावावयाचा आणि घड्याळाकडे पाहून बाळाचे ठोके मोजावयाचे. मिनिटाला एकशे दहा ते एकशे साठ. तिला वीज लागत नाही, तिचे काही बिघडत नाही. फक्त आजूबाजूला सगळ्यांनी गप्प बसावे लागते, आणि आपल्या लोकांना तेच जड जाते.

तुतारीनंतर आले सोनोग्राफीचे यंत्र. त्यात क्ष-किरण नसतात. आपल्या कानाला ऐकू येणार नाही असा बारीक आवाज पोटात पाठवतात आणि त्याचा प्रतिध्वनी पडद्यावर चित्र होऊन दिसतो. बाळाची वाढ, वार कोठे आहे, जुळे आहे काय, हे त्याने कळू लागले आणि कितीतरी बायकांचे जीव वाचले. आणि याच यंत्राने आपण काय केले तेही बोलावे लागेल. पोटात मुलगी आहे असे कळताच गर्भ पाडण्याचा धंदा शहरांतून चालला. त्याविरुद्ध देशातला पहिला कायदा आपल्या महाराष्ट्राने १९८८ साली केला, आणि मग १९९४ साली तो सबंध देशासाठी झाला. आज प्रत्येक सोनोग्राफी केंद्रावर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' अशी पाटी असते. सून तपासून घरी आली की "काय म्हणाले डॉक्टर?" या प्रश्नातला सूर आपण सगळ्याजणी ओळखतो. तो सूर पुष्कळदा आपलाच असतो, पुरुषांचा नसतो. बाळाचे वजन किती आहे, पाणी पुरेसे आहे ना, सुनेचे रक्त किती भरले, हे विचारावे. यंत्र लावले ते एवढ्याचसाठी.

आता घरातल्या वस्तूंकडे वळू. थर्मामीटर सर्वांत जुना पाहुणा. तो पूर्वी जवळजवळ हातभर लांब असे आणि ताप दाखवावयास वीस मिनिटे घेई. ऑलबट नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १८६६च्या सुमारास तो वीतभर केला आणि वेळ पाच मिनिटांवर आणली. पाऱ्याच्या थर्मामीटरला आपण झटका देतो, का ते ठाऊक आहे? नळीत गोळ्याजवळ एक अरुंद जागा मुद्दाम ठेवलेली असते. पारा चढताना तेथून जातो, पण आपोआप उतरू शकत नाही. म्हणून काखेतून काढल्यावरही आकडा तसाच राहतो. झटक्याशिवाय पुन्हा लावला तर कालचा ताप आज दिसतो.

पण आता पाऱ्याचे थर्मामीटर घरात असेल तर ते जपून दूर करावे, असे माझे सांगणे आहे. जपानात मिनामाता म्हणून एक कोळ्यांचे गाव आहे. तेथल्या कारखान्याने खाडीत सोडलेला पारा मासळीत गेला, मासळीतून माणसांत गेला. १९५६ साली तो रोग उघडकीस आला. लेकरे लुळी पांगळी जन्मास आली. त्या गावाचे नाव दिलेला एक करार जगातील देशांनी २०१३ साली केला. पाऱ्याची थर्मामीटरे आणि रक्तदाबयंत्रे बनवणे थांबवावे असे त्यात ठरले, आणि भारताने २०१८ साली त्याला मान्यता दिली. माजिवडा, बाळकुम, कोलशेत ही आपली खाडीकाठची गावे. मिनामाताची गोष्ट आपल्याला परकी वाटू नये. थर्मामीटर फुटलेच तर केरसुणी फिरवू नका, गोळे आणखी बारीक होऊन पसरतात. खिडक्या उघडाव्या, मुलांना बाहेर काढावे, सोन्याच्या बांगड्या आणि अंगठ्या काढून ठेवाव्या, कारण पारा सोन्याला चिकटतो. मग जाड कागदाच्या दोन तुकड्यांनी गोळे एकत्र लोटून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरावे. मोरीत किंवा शौचकूपात मुळीच टाकू नये.

सेलवर चालणारा थर्मामीटर सोयीचा आहे. तो आवाज करतो तेव्हाच काढावा. काखेत तोंडापेक्षा अर्धा ते एक अंश कमी भरतो, म्हणून डॉक्टरांना सांगताना काखेतला की तोंडातला ते सांगावे, आणि आकड्याबरोबर वेळही सांगावी. "ताप आहे" एवढ्यावर डॉक्टरांना काही उमगत नाही. "पहाटे चारला एकशे दोन, गोळीनंतर सहाला शंभर" असे सांगितले की त्यांचे अर्धे काम झाले.

आता रक्तदाब. या विषयावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

दंडाला हवेचा पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याची युक्ती इटलीच्या रिव्हा-रोची यांनी १८९६ साली काढली. त्यांनी पहिला पट्टा सायकलच्या रबरी ट्यूबचा केला होता. पट्ट्यात हवा भरत गेले की धमनी दाबली जाते आणि मनगटाची नाडी लागेनाशी होते. त्यावरून वरचा आकडा कळे, खालचा नीट कळत नसे. १९०५ साली कोरोत्कॉव्ह या रशियन लष्करी डॉक्टरांनी कोपराच्या खळग्यात नळी लावून ऐकावयास सांगितले. हवा सोडताना पहिला टकटक आवाज येतो तो वरचा आकडा, आवाज मावळतो तो खालचा. शंभरावर वर्षे झाली, डॉक्टर अजून तसेच ऐकतात. घरातले बटण दाबण्याचे यंत्र ऐकत नाही; पट्ट्यात रक्ताचे जे हेलकावे उमटतात त्यावरून ते हिशेब करते. म्हणून ज्यांचे ठोके अनियमित पडतात त्यांच्या बाबतीत यंत्र गोंधळते. त्यांनी डॉक्टरांकडूनच मोजून घ्यावे.

यंत्रे आता पुष्कळ चांगली आहेत. आकडा चुकतो तो बहुधा आपल्या घाईने. जिना चढून यावयाचे, पदराने घाम पुसावयाचा, एका हाताने कुकरची शिटी मोजावयाची आणि दुसरा हात पट्ट्यात घालावयाचा, अशाने येणारा आकडा तुमचा नव्हे, जिन्याचा आहे. पाच मिनिटे स्वस्थ बसावे. पाठ टेकलेली, पावले जमिनीला सपाट, पायावर पाय नाही. लघवीला लागली असेल तर आधी जाऊन यावे. आधीच्या अर्ध्या तासात चहा नाही, तंबाखू नाही, मशेरीही नाही. ती अजून काही घरांत चालते, मला ठाऊक आहे. हात मेजावर, पट्टा हृदयाच्या उंचीवर. हात खाली लोंबता ठेवला तर आकडा वाढतो. मोजताना बोलले तर वाढतो, म्हणून त्या एका मिनिटात शेजारणीच्या लग्नाची बातमी विचारू नये.

आणि एक गोष्ट खास आपल्यासाठी, कारण यंत्राच्या कागदावर ती कोणी छापत नाही. पोलक्याची बाही. घट्ट बाहीवर पट्टा बांधला तर आकडा बिघडतो, आणि बाही गुंडाळून वर सरकवली तर ती दंडाला दोरीसारखी आवळते, मग आकडा आणखी बिघडतो. सैल बाहीचे किंवा आखूड बाहीचे पोलके घालून मोजावे. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्यावा; लहान पट्ट्याने नसलेला रक्तदाब दिसतो. दुकानदार एकच पट्टा देतो आणि तो सगळ्यांना चालतो म्हणतो. आपण शिंप्याकडे तसे चालवून घेतो काय?

एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे आणि दोन्ही आकडे लिहावे. दवाखान्यात १४० वर ९० किंवा त्यापुढे, आणि घरी शांतपणे मोजलेला १३५ वर ८५ च्या पुढे वारंवार येऊ लागला, तर डॉक्टरांना वही दाखवावी. एका आकड्याने घाबरू नये आणि एका आकड्याने निर्धास्तही होऊ नये. आकडा १८० वर १२० इतका गेला आणि बरोबर छातीत दुखणे, धाप, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात लुळा पडणे, बोबडी वळणे यापैकी काही असेल, तर पुन्हा पुन्हा मोजत बसू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. आपल्या नाक्यावर घोडबंदरचा, मुंबईचा आणि आग्रा रोडचा रस्ता मिळतो. संध्याकाळच्या कोंडीत तेथे पाच मिनिटेही मोलाची असतात, ती घरात दवडू नयेत. त्रास काही नसेल तर पाच मिनिटे थांबून पुन्हा मोजावे, तरी तितकाच आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. आपल्या मनाने दुसरी गोळी घेऊ नये. शेजाऱ्याची गोळी तर नकोच.

घरात गरोदर सून किंवा लेक असेल तर आणखी सावध राहावे. पाचव्या महिन्यानंतर रक्तदाब १४० वर ९० झाला, डोके सारखे दुखू लागले, डोळ्यांपुढे काजवे आले, तोंडावर सूज आली किंवा बरगडीखाली पोटात दुखू लागले, तर "गरोदरपणात असे होतेच" म्हणून निजवून ठेवू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. फेफरे येऊन मायलेकरे दोन्ही दगावू शकतात. महापालिकेच्या आरोग्य केंद्रातही गरोदर बाईचा रक्तदाब प्रत्येक तपासणीला मोजतात. मोजला नाही तर मागून मोजून घ्यावा.

एकदा मी आपल्याच भागातल्या एका घरी यजमानांची चौकशी करावयास गेले होते. बाईंनी वही पुढे केली. दोन वर्षांची नोंद, सकाळ-संध्याकाळ, तारीखवार, अक्षर मोत्यासारखे. आमच्या वॉर्डात इतकी नेटकी वही मी पाहिली नाही. मी वही चाळली आणि सहज विचारले, "आणि तुमचा किती?" त्या हसल्या. "मला काय धाड भरलीय!" दोन वर्षे यंत्र त्यांच्या हातात होते आणि एकदाही त्यांनी ते स्वतःच्या दंडाला लावले नव्हते. मी त्यांना बसवले, पाच मिनिटे गप्प राहावयास सांगितले (तेच सर्वांत अवघड गेले) आणि मोजला. १७६ वर १०४. पुन्हा मोजला, १७२ वर १०२. डोके दुखत नव्हते, चक्कर येत नव्हती, काही नाही. उच्च रक्तदाब असाच असतो. तो दुखत नाही. न दुखताच मूत्रपिंडे, डोळे, हृदय, मेंदू पोखरीत राहतो. त्या बाई आज औषध घेतात, ठणठणीत आहेत, आणि वहीत आता दोन रकाने आहेत.

हे मी मुद्दाम सांगितले, कारण वॉर्डात मी उलट बाजू पाहिली आहे. पक्षाघाताने पडलेली बाई येते. सोबत आलेल्या मुलाला विचारावे, "आईला रक्तदाब होता काय?" तो म्हणतो, "नाही." "कधी मोजला होता?" त्यावर तो इकडेतिकडे पाहतो. नसणे आणि मोजलेला नसणे यांत फार अंतर आहे.

साखरेचे यंत्र, ग्लुकोमीटर, याबद्दल मुख्य सांगणे हात धुण्याचे. आंबा चिरलेल्या, गूळ फोडलेल्या, केळे सोललेल्या बोटाला टोचले तर यंत्र तुमच्या रक्ताची नव्हे, आंब्याची साखर मोजते. साबणपाण्याने धुवून हात कोरडा करावा, बोटाच्या कडेला टोचावे, मधोमध टोचू नये, फार दुखते. पट्ट्यांची बाटली लगेच बंद करावी; आपल्या पावसाळ्यातल्या दमट हवेने पट्ट्या खराब होतात. हे यंत्र प्रयोगशाळेइतके काटेकोर नसते, शंभरामागे दहा-पंधरा इकडेतिकडे चालते. म्हणून मधुमेह आहे की नाही हे त्यावरून ठरवू नये. असलेला मधुमेह ताब्यात आहे की नाही ते पाहावे. टोचण्याची सुई प्रत्येकाची वेगळी. "घरच्याच घरी काय होते" म्हणून एकीची सुई दुसरीला लावू नका. रक्तातून पसरणाऱ्या काविळीला घरचे आणि बाहेरचे कळत नाही.

आणि उपवास. हरतालिकेचा निर्जळी उपवास, त्यात मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन नेहमीसारखे, हे मी दरवर्षी पाहिले आहे. दुपारनंतर घाम सुटतो, हात थरथरतात, बाई असंबद्ध बोलू लागते, आणि घरचे म्हणतात, उपवासाने पित्त झाले. यंत्र लावावे. आकडा सत्तरच्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नये, ते श्वासात जाते. व्रत धरावयाचे असेल तर आठ दिवस आधी डॉक्टरांना विचारून औषधाचा मेळ घालून घ्यावा. साबुदाण्याच्या खिचडीवर काढलेल्या उपवासाची गोष्ट निराळी. त्यात आकडा कोठे जातो ते ज्यांनी मोजले आहे त्यांना ठाऊक आहे.

बोटाला लावण्याचा चिमटा, ऑक्सिमीटर, २०२० पर्यंत आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिला होता. तो मूळचा जपानचा. ताकुओ आओयागी नावाच्या अभियंत्यांनी १९७४ साली त्याची कल्पना मांडली, आणि सबंध जग त्यांचे यंत्र बोटाला लावून बसले असता २०२० च्या एप्रिलमध्ये ते वारले. बोटाच्या एका बाजूने तांबडा आणि न दिसणारा तांबड्यापलीकडचा असे दोन प्रकाश सोडतात. रक्तात प्राणवायू असेल नसेल त्याप्रमाणे ते कमीजास्त शोषले जातात. म्हणून नखाला रंग असेल, गडद काळसर मेंदी असेल किंवा बोट गारठलेले असेल, तर चिमट्याचे खरे मानू नये. सावळ्या कातडीवर हे यंत्र कधी कधी असतो त्यापेक्षा चांगला आकडा दाखवते, असेही २०२० साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवून दिले. आपण सारे सावळेच. तेव्हा आकडा ९६ आणि माणूस एक वाक्य सलग बोलू शकत नाही, तर माणसाचे ऐकावे, चिमट्याचे नव्हे.

ती दोन वर्षे आपण कोणी विसरलो नाही. येथून जवळच, साकेत-बाळकुम भागातल्या ग्लोबल हबच्या इमारतीत ठाणे महानगरपालिकेने २०२० साली सुमारे हजार खाटांचे रुग्णालय उभे केले होते. २०२१ च्या एप्रिल महिन्यात तर प्राणवायूखेरीज कोणी दुसरे बोलत नव्हते. त्या वेळी पुष्कळांनी हवेतून प्राणवायू वेगळा काढणारी यंत्रे घेतली, ती आता पलंगाखाली आहेत. आपल्या भोवतीच्या हवेत शंभरात एकवीस भाग प्राणवायू असतो, बहुतेक बाकीचा नत्रवायू. यंत्रातली खड्यांची चाळण नत्रवायू अडवते आणि प्राणवायू पुढे सोडते. फुप्फुसाच्या जुन्या रोग्यांना घरी त्याचा खरोखर उपयोग होतो. पण किती लिटर लावावयाचा हे डॉक्टरांनीच ठरवावे. काही जुन्या रोग्यांना जास्त प्राणवायूही घातक होतो. यंत्राजवळ देवघरातली समई, उदबत्ती, विडी, गॅसची शेगडी यांतले काही नको. प्राणवायू स्वतः पेटत नाही, पण पेटलेल्याला भडकवतो. बाटलीतले पाणी शुद्ध घालावे आणि रोज बदलावे. वीज गेली तर काय करावयाचे, हे वीज जाण्यापूर्वी ठरवावे.

नेब्युलायझरबद्दल थोडक्यात सांगते. तो वाफारा नव्हे. त्यात औषधाचे धुके होते, म्हणून त्यात निलगिरीचे तेल, बाम, ओव्याचे पाणी काहीही घालू नये. मुखवटा वापरल्यावर धुवून सुकवावा.

यंत्रांची एवढी स्तुती झाली. पण घरातल्या रोग्याला खरा आधार देणाऱ्या वस्तूंना वीज लागत नाही. चालण्याची काठी घ्या. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी कोणत्या हातात धरावी? बघा, सगळ्यांचा उजवा हात वर आला. डाव्या हातात धरावी, दुखऱ्या पायाच्या उलट बाजूला, म्हणजे शरीराचा भार त्या पायावरून निघतो. काठीची मूठ आणि वॉकरचा दांडा, उभे राहून हात सोडला असता मनगटाच्या रेषेपर्यंत यावा. सासऱ्यांची उंच काठी बुटक्या सासूबाईंना देऊ नये. खालचे रबर झिजले की लगेच बदलावे. मोरीत पडून मांडीचे हाड मोडण्यापेक्षा ते रबर पुष्कळ स्वस्त. चाकांच्या खुर्चीतून उठवताना आधी दोन्ही चाके अडकवावी, पायटेकणी वर उचलावी, मगच माणसाला उठवावे. अंथरुणाला खिळलेल्याला हवेची गादी घातली तरी दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते. गादी मदत करते, आपले काम करीत नाही. पाठीवर, ढुंगणावर, टाचेवर लाल डाग दिसला आणि बोटाने दाबूनही तो फिका पडला नाही, तर जखम आतून सुरू झाली असे समजावे. डाग चोळू नये.

या वस्तू विकत घेणे प्रत्येकीला परवडत नाही, आणि परवडले तरी दोन महिन्यांनी ठेवायच्या कोठे हा प्रश्न येतो. वर-खाली होणारी खाट आपल्या खोल्यांत मावत नाही. महाराष्ट्रात ठिकठिकाणी मंडळे आणि संस्था असे रुग्णोपयोगी साहित्य अनामत घेऊन वापरावयास देतात. आपल्या मंडळानेही दोन वॉकर, एक चाकांची खुर्ची, एक कमोडची खुर्ची आणि एक हवेची गादी एवढ्यावर आरंभ करावा, अशी सूचना मी कार्यकारिणीपुढे ठेवली आहे. ज्यांच्या घरी अशी वस्तू पडून असेल त्यांनी ती भंगारात देण्यापूर्वी चिटणीसताईंना विचारावे. मात्र परत आलेली वस्तू कोणी धुवावयाची आणि नोंद कोणी ठेवावयाची, हे पहिल्याच दिवशी ठरवा. नाहीतर सहा महिन्यांत चाक एकीकडे आणि खुर्ची एकीकडे व्हावयाची, हे मी अनुभवाने सांगते.

खरेदीबद्दल एकच. १ एप्रिल २०२० पासून ही सारी उपकरणे औषधांच्या कायद्याखाली आली आहेत. डब्यावर बनवणाऱ्याचे नाव, परवान्याचा क्रमांक, किंमत आणि तारीख पाहावी, पावती घ्यावी. वर्षातून एकदा घरचे रक्तदाबयंत्र पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्यावे आणि त्यांच्या यंत्राशी ताडून पाहावे.

साखर तपासण्याच्या सुया, इन्सुलिनच्या सुया सरळ केराच्या पिशवीत टाकू नका. आपला केर हातांनी निवडणाऱ्या बायका आहेत. पिशवीतून बोटाला सुई लागली की पुढचे कित्येक महिने ती बाई तपासणीच्या धाकात काढते. जाड प्लास्टिकची झाकणाची बाटली घ्यावी, सुया त्यात टाकाव्या, भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून वर ठळक 'सुया' असे लिहावे आणि केर नेणाऱ्या बाईच्या हाती वेगळी, सांगून द्यावी.

माझे बोलणे एवढेच. सभागृहाच्या दाराशी दोन टेबले मांडली आहेत, दोन यंत्रे आहेत, लहान-मोठे दोन्ही पट्टे आहेत. नाव आणि आकडा लिहून देण्यासाठी कागदही आहेत. यजमानांचा आकडा सांगावयास कोणी तेथे येऊ नये, स्वतःचा हात घेऊन यावे. तुम्ही तासभर बसूनच ऐकत आहात, म्हणून पाच मिनिटे विश्रांती झालीच आहे. चहा तयार आहे, पण तो मोजून झाल्यावर मिळेल. तसे मी स्वयंपाकघरात सांगून ठेवले आहे. पहिल्या रांगेतल्या भगिनींनी आधी उठावे.